जरा जपून, ती फळी हलते!

प्रत्येक घरात एक वाक्य असतं. नव्या सुनेला, कामाला लागलेल्या नव्या ताईंना, चार दिवस राहायला आलेल्या मावशीला ते पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. 'जरा जपून हं, ती वरची फळी हलते.' साखरेचा डबा कुठला आणि चहाचा कुठला, हे सांगायच्याही आधी. मग ती सून, त्या ताई, ती मावशी एक कसरत शिकून घेतात. डाव्या हाताने फळी दाबून धरायची, उजव्या हाताने डबा अलगद उचलायचा, आणि डबा निघाल्यावरही डावा हात लगेच सोडायचा नाही. ही कसरत इतकी अंगवळणी पडते की पुढे ती आपण करतोय हेही कळत नाही. माहेरी गेल्यावर तिथल्या धडधाकट कपाटातून डबा काढतानाही डावा हात आपोआप वर जातो!

घरातला पंखा कुरकुरायला लागला तर दोन दिवसांत इलेक्ट्रिशियन येतो. केबल गेली तर अर्ध्या तासात तीन फोन होतात. बाथरूमचा नळ गळला तर प्लंबरला शोधून आणलं जातं, कारण त्या आवाजाने सगळ्यांचीच झोप मोडते. हलणारी फळी मात्र वर्षानुवर्षं हलत राहते. का? कारण तिच्याखाली रोज एकाच माणसाचा हात जातो. बाकीच्यांपर्यंत डबा पोचतो तो ओट्यावर किंवा थेट ताटात. फळीचा त्रास ज्यांना होत नाही, त्यांच्या लेखी ती फळी हलतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुरुस्ती फळीची व्हायला हवी, बाईची नव्हे. आपण नेमकं उलटं करत आलोय. फळी तशीच ठेवतो आणि तिच्याखाली वावरणाऱ्या बाईला 'जपून' वागायला शिकवतो. ती जपून वागते तोवर सगळं ठीक. एखाद्या दिवशी घाईत हात चुकला, तूरडाळीचा डबा पायावर आला, की घरातून पहिलं वाक्य काय येतं? 'अगं, तुला माहीत होतं ना ती हलते म्हणून!' म्हणजे दोष पुन्हा तिचाच.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात हा प्रश्न फारसा नव्हता. जाड भिंतीत कोनाडा असायचा, नाहीतर फडताळ असायचं. त्यातल्या फळ्या भिंतीतच बसवलेल्या. घर पडेल, पण फडताळातली फळी पडणार नाही, असा तो मामला. त्यांची उंची बदलता यायची नाही, पण बदलायची गरजही कुणाला वाटली नाही. चाळीतल्या खोलीत भिंतीला ठोकलेली मांडणी आली. तीही पक्की.

मग आलं स्टीलचं कपाट. १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला लागलेल्या गोदरेजने १९२३ मध्ये स्टीलची कपाटं काढली, आणि पुढे आपल्या घाटकोपरच्या शेजारीच विक्रोळीत त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. मराठी लग्नात 'गोदरेजचं कपाट' ही एक वेगळी वस्तूच होऊन बसली. मग ते कपाट दुसऱ्याच कुणीतरी बनवलेलं असलं तरी नाव तेच! स्टीलच्या कपाटाने आपल्याला एक नवी सोय दिली. आतला कप्पा काढता येतो, वरखाली करता येतो. बाजूच्या पट्टीतल्या खाचांत चार हूक अडकवायचे, त्यावर कप्पा ठेवायचा. पैठण्यांसाठी कमी उंचीचा कप्पा, गाद्या-रजयांसाठी जास्त.

प्लायवूडचं फर्निचर आणि त्यामागून मॉड्युलर किचन घरोघरी आलं तेव्हा हीच सोय लाकडात आली. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून एकाखाली एक बारीक भोकं, त्यात चार पिना, पिनांवर फळी. दुकानदार मोठ्या कौतुकाने सांगतो, 'मॅडम, शेल्फ अॅडजस्टेबल आहे, हवं तसं करा.' आता खरं सांगा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी गेल्या दहा वर्षांत त्या फळीची उंची बदलली? सुतार ज्या भोकात पिना घालून गेला, त्याच भोकात त्या आजही आहेत. म्हणजे बदलायचं स्वातंत्र्य आपण कधी वापरलंच नाही, आणि त्याची किंमत मात्र रोज मोजतोय.

याच संदर्भात एका बाईची आठवण काढायला हवी. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की. व्हिएन्नाची वास्तुरचनाकार, जन्म १८९७चा, म्हणजे गोदरेजच्या कुलपांएवढीच ती जुनी! १९२६ मध्ये तिने जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या साध्या कामगार-नोकरदारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम सव्वासहा फूट, लांबी अकरा फूट. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ती आजी. तिने काय केलं? बाई स्वयंपाकघरात किती पावलं चालते, किती वेळा वाकते, हात कुठवर पोचतो, याचा विचार करून मगच कप्पे कुठे असावेत ते ठरवलं. पिठाचा खण ओक लाकडाचा केला, कारण त्यात अळ्या होत नाहीत असा अनुभव होता. म्हणजे मोजमापाची सुरुवात भिंतीपासून केली नाही, बाईपासून केली.

आणि आपल्याकडे? भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. ओट्याच्या वरचं कपाट सुरू होतं साधारण साडेचार-पावणेपाच फुटांवर. त्यातली दुसरी फळी जाते जवळजवळ सहा फुटांवर, आणि मध्ये दोन फूट रुंदीचा ओटा आडवा. म्हणजे पाच फुटांच्या बाईने टाचा उंचावून, ओट्यावर पोट टेकवून, हात लांबवून, न दिसणाऱ्या फळीवरचा डबा चाचपडत काढायचा. फळी पक्की असली तरी ही कसरतच आहे. ती हलत असेल तर मग विचारायलाच नको. माप घ्यायला सुतार येतो तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला बहुतेक वेळा घरातला पुरुष असतो. बाई आत चहा करत असते!

आपल्या घाटकोपरमध्ये तर हा प्रश्न जास्तच बोचतो. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीतली जुनी घरं घ्या, भटवाडीतल्या चाळी घ्या, नाहीतर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती घ्या. पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, अलीकडे ३०० झालं. एवढ्या जागेत पाच-सहा माणसांचा संसार बसवायचा तर तो आडवा पसरत नाही, उभाच चढतो. माळा, लॉफ्ट, छताला टेकलेली कपाटं. वर्षाचे तांदूळ, गव्हाचं पीठ, लोणच्याच्या बरण्या, दिवाळीचे मोठे डबे, पाहुण्यांसाठीची जड पातेली, सगळं वर. दोन-दोन किलोचे दहा डबे एका फळीवर ठेवले की झाले वीस किलो, त्यात स्टीलच्या डब्यांचं वजन वेगळंच. मोठ्या घरात ही फळी हलली तर तिला रिकामी ठेवता येते. लहान घरात ती चैन परवडत नाही.

आता ही फळी हलते का, तेही समजून घेऊ. त्यात फार मोठं शास्त्र नाही.

पहिलं कारण, फळी तोकडी असते. आपले सुतार अजून सुतात मोजतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. फळी सहज आत-बाहेर व्हावी म्हणून ती दोन्हीकडून थोडी कमी कापतात. एखादं सूत कमी ठीक आहे. पण दोन्हीकडून दोन-दोन सूत कमी असेल, तर फळी सरकत सरकत एका बाजूला टेकली की दुसरीकडे चार सूत, म्हणजे बारा मिलिमीटर फट पडते. पिन भिंतीतून बाहेर डोकावते साधारण आठ-दहा मिलिमीटर. मग फळी कशावर राहणार? ती कित्येक महिने पडत नाही, हेच नवल.

दुसरं कारण, फळी वाकते. लांबी दुप्पट केली आणि त्याच हिशेबाने डबेही दुप्पट ठेवले, तर फळी दुप्पट नाही, सोळा पट वाकते. जाडी अठरा मिलिमीटरऐवजी बारा घेतली, तर तेवढ्याच वजनाने तीन पटींहून जास्त. तिसरं कारण आपली हवा. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की ते फुगतं, भुसभुशीत होतं, मग पिनेचं भोक मोठं होतं आणि पिन लोंबकळायला लागते. चौथं कारण, कपाटाची पाठ. मागचा पातळ प्लाय नीट ठोकलेला नसेल तर कपाटाच्या बाजू हळूहळू बाहेरच्या बाजूला फाकतात, आणि मधली फळी जणू आपोआपच तोकडी होते.

इलाज? त्यातला कुठलाही एका रविवारच्या सकाळपेक्षा मोठा नाही. फळी नुसती सरकत असेल, तर तिच्याखाली पिनांच्या जागी रबराची पारदर्शक बटणं चिकटवली तरी पकड येते. हार्डवेअरच्या दुकानात फळीला वरूनही धरून ठेवणाऱ्या चापाच्या पिना मिळतात, त्या घाला. चार पिना मिळून एका वडापावपेक्षा फार महाग पडत नाहीत. फळी जड डबा ओढताना पुढे कलंडत असेल, तर आतल्या बाजूला दोन छोट्या एल पट्ट्या लावा. एक बाजू कपाटाला, दुसरी फळीच्या खालून. स्क्रू मात्र अर्ध्या इंचाचा घ्या. लांब स्क्रू अठरा मिलिमीटरच्या फळीतून वर डोकावेल आणि हाताला लागेल. भोक सैल झालं असेल, तर त्यात कोंबाकोंब करत बसू नका, अर्धा-पाऊण इंच सोडून नवं भोक पाडा.

फळी तोकडीच असेल, तर सगळ्यात भरवशाचा उपाय आपल्या जुन्या सुतारांचा. फळीच्या खाली तिन्ही बाजूंनी, डावीकडे, उजवीकडे आणि मागे, इंचभर रुंदीची लाकडी पट्टी स्क्रूने मारून घ्यायची. चार बिंदूंवर तोललेली फळी मग तीन बाजूंवर बसते. वाकली असेल तर ती काढून उलटी करा, आणि पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी लावून घ्या. वाकणं बरंच आवरतं. स्टीलच्या कपाटात चारही हूक एकाच ओळीच्या खाचेत आणि शेवटपर्यंत खाली बसलेत ना, तेवढं बघा. एखादा वाकला असेल तर त्याला ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा घ्या. काम सुरू करण्यापूर्वी कप्पा रिकामा करायचा आणि शेगडी बंद ठेवायची, हे वेगळं सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र करू नका. फळी फेविकॉलने कायमची चिकटवू नका. झुरळांचं औषध मारताना, पावसाळ्यानंतर बुरशी पुसताना ती बाहेर यायलाच हवी. उद्या मिक्सर उंच घेतला तर जागा बदलावीही लागेल. स्क्रूने बसवलेली फळी पक्कीही असते आणि मनात आलं की सोडवताही येते. पक्कं असणं आणि जखडलेलं असणं यात फरक आहे, हे आपल्याला तरी कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

'एवढ्याशा कामाला सुतार येत नाही हो,' अशी तक्रार ऐकू येते. खरी आहे. 'छोटा काम है भाभी, बाद में देखेंगे,' हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचंही चुकत नाही. पिना बसवायला तो अर्धा दिवस मोडणार कसा? पण यावर सोपा तोडगा आहे. मजल्यावरच्या चार घरांनी आपापल्या हलत्या फळ्या, निसटलेल्या बिजागऱ्या, अडकणारे खण यांची यादी करायची आणि सुताराला एका दिवसासाठी बोलवायचं. भिशी आपण जमवतोच, सत्यनारायणाला एकमेकींच्या सतरंज्या नेतोच. मग सुतार का नाही वाटून घ्यायचा?

दुसरी सबब खास आपल्या भागातली. 'आता कशाला? बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे.' पंतनगर असो की गल्लीबोळातली छोटी सोसायटी, हे वाक्य इथे हवेतच आहे. रंग काढायचा नाही, ओटा बदलायचा नाही, फळी दुरुस्त करायची नाही, कारण नवीन घर येणार. मीटिंगा होतात, बिल्डर बदलतात, कोर्टात तारखा पडतात. घरातली मुलगी दहावीला असताना 'आता दोन वर्षांत नवं घर' म्हटलेलं असतं, तिचं लग्न होऊन ती सासरी जाते, आणि आई अजून डाव्या हाताने तीच फळी दाबून धरतेय! येणाऱ्या घराच्या आशेवर आजच्या घरात धोका पत्करत राहायचं, हा कुठला हिशेब? चार स्क्रूंची फळी उद्या इमारतीबरोबर गेली तर जाऊ दे. आजचा हात तर वाचला.

आणि तिसरा आक्षेप, जो मला सगळ्यात वजनदार वाटतो. 'म्हणजे आता स्क्रू-ड्रायव्हरही बाईनेच हातात घ्यायचा? आणखी एक काम तिच्याच डोक्यावर?' नाही. काम घराचं आहे, घरातल्या कुणीही करावं. मुलाने करावं, मुलीने करावं, नवऱ्याने करावं, सुताराने करावं. पण 'हे काम आहे' हे ठरवायचा हक्क जिचा हात फळीखाली जातो तिचा असावा. तिने एकदा सांगितलं की ते 'सवड मिळाली तर' या यादीत जाता कामा नये. स्क्रू-ड्रायव्हर तिला चालवता यावा तो एवढ्यासाठी की कुणाच्या सवडीवर तिचं अडू नये. दिवाळीच्या साफसफाईत मुलीच्या हातात फडकं आणि मुलाच्या हातात माळ्यावरची शिडी, अशी वाटणी आपण करतो. एक वर्ष दोघांच्या हातात दोन्ही देऊन बघा.

फळी ही क्षुल्लक बाब आहे असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अमेरिकेत २०१६ साली आयकिया या कंपनीला सुमारे दोन कोटी नव्वद लाख खणांची कपाटं परत घ्यायची घोषणा करावी लागली. ती भिंतीला न जखडता ठेवली की पुढे कलंडत होती, आणि त्यांच्याखाली सापडून लहान मुलं दगावली होती. पुढे २०२२च्या अखेरीला तिथे कपडे ठेवायच्या अशा कपाटांसाठी कायदाच झाला. आपल्याकडे भिंतीला कपाट जखडायची पद्धत अजून घराघरांत रुजलेली नाही. उंच, अरुंद कपाट असेल आणि घरात खण ओढून त्यावर चढू बघणारं लहान मूल असेल, तर फळीबरोबर त्या कपाटालाही वरच्या बाजूने भिंतीत प्लग ठोकून एल पट्टीने धरून ठेवा. हे आजच करण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या दारातलीच. १३ मे २०२४ला वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते होतं त्याच्या कितीतरी पट मोठं. त्या दुःखाची तुलना स्वयंपाकघरातल्या फळीशी करायची नाही. पण ते एवढं मोठं होर्डिंग येता-जाता सगळ्यांना दिसत होतं. वर किती भार आहे आणि खाली आधार किती, हा प्रश्न वेळेत विचारून तडीला नेणारं कुणी नव्हतं. 'चाललंय ना, चालू दे' ही सवय रस्त्यावर अचानक येत नाही. ती घरात, कपाटाच्या आत, डब्यांच्या मागे रोज जोपासली जाते.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करा. स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या प्रत्येक फळीला, डबे काढून, हाताने हलवून बघा. जी हलेल तिच्यावर खडूने फुली मारा आणि फुली सगळ्यांना दिसेल असं कपाटाचं दार उघडं ठेवा. कुणी विचारलं की 'हे काय?', तर सांगा, 'काम आहे, रविवारी करायचंय.' तोवर जड डबे खाली, हलके वर, आणि शेगडीच्या डोक्यावर काहीच जड नाही. आणि पुढच्या वेळी नवं कपाट करायला सुतार घरी येईल, तेव्हा चहा दुसऱ्या कुणाला तरी टाकू दे. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा.